हात आवरला की फज जमतं

रमजानचा शेवटचा अशरा लागला की मुस्लिम घरांतल्या स्वयंपाकघरांत ओळखीची लगबग सुरू होते. खारका भिजत पडतात, बदाम-पिस्त्यांचे काप होतात, चारोळी निवडली जाते, शेवया तुपावर परतून डब्यात बंद होतात. शीरखुर्म्याचा मेवा नेहमी थोडा जास्तच आणला जातो, कारण ऐन ईदच्या सकाळी तो कमी पडलेला कुणालाच चालत नाही. या उरलेल्या मेव्याला हल्ली एक नवी वाट सापडली आहे. घरातली मुलं शीरखुर्मा वाटीभर खातात, पण मागतात चॉकलेट. मग चाँदरातीच्या आधी एखाद्या संध्याकाळी घरीच चॉकलेट फज होतं, आणि अक्रोड, बदाम, काजू त्यात जातात.

महाराष्ट्रात बहुतेकांची फजशी पहिली भेट लोणावळ्यात झालेली असते. चिक्कीच्या पुड्यांबरोबर घरी आलेली ती अक्रोड घातलेली मऊ चॉकलेटी वडी परदेशी वाटते, आणि म्हणूनच ती घरी जमणार नाही असंही वाटतं. प्रत्यक्षात फज ही साखर, दूध, लोणी आणि कोको यांची बर्फीच आहे. तिच्यासाठी भट्टी लागत नाही, यंत्र लागत नाही. लागतो तो सब्र. आणि रमजानला तर सब्राचाच महिना म्हणतात.

फजचा जन्म हलवायाच्या दुकानात झाल्याची नोंद नाही, तो मुलींच्या कॉलेजशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या व्हॅसर कॉलेजची विद्यार्थिनी एमेलिन बॅटर्सबी हार्ट्रिज हिने पुढे 1921 साली एका पत्रात ही हकिकत लिहून ठेवली. 1886 साली बाल्टिमोर शहरात एका वर्गमैत्रिणीच्या नात्यातल्या बाईंनी केलेलं फज 40 सेंटला पौंड या भावाने विकलं जात होतं. एमेलिनने ती कृती मिळवली आणि 1888 साली कॉलेजच्या लिलावासाठी 30 पौंड, म्हणजे साडेतेरा किलोहून जास्त फज केलं. तिथून ते वसतिगृहांत पसरलं. रात्री खोलीतल्या गॅसच्या दिव्यावर भांडं धरून मुली फज करत. वेलस्ली आणि स्मिथ या मुलींच्या इतर कॉलेजांनीही आपापल्या कृती काढल्या. ज्या पदार्थाची सुरुवात वसतिगृहाच्या खोलीत झाली, तो आपल्या दोन शेगड्यांच्या स्वयंपाकघरात न जमण्याचं काहीच कारण नाही.

इंग्रजीत 'फज' या क्रियापदाचा अर्थ वेळ मारून नेणं, जोडातोड करून काम भागवणं असा आहे. पदार्थाचा स्वभाव नेमका याच्या उलट. त्याला घाई खपत नाही.

त्यामागचं कारण साधं आहे. पाक उकळत राहिला की त्यातलं पाणी कमी होतं आणि तापमान चढत जातं. 112 ते 114 अंश सेल्सिअसला तो आपल्याकडे ज्याला गोळीबंद म्हणतात त्या अवस्थेच्या सुरुवातीला येतो. थेंब थंड पाण्यात टाकला तर मऊ गोळी होते आणि बोटांवर घेतली की ती चपटी होते. आता त्यात इतकी साखर आहे की गार होताना ती विरघळलेली राहू शकत नाही. तिला पुन्हा कण व्हायचं असतं. गरम असतानाच चमचा फिरवला तर थोडेच कण धरतात आणि तेच वाढत जाऊन मोठे होतात. वडी खाताना दाताखाली वाळू आल्यासारखं वाटतं. तेच मिश्रण न हलवता 43 ते 45 अंशांपर्यंत येऊ दिलं आणि मग घोटलं, तर असंख्य बारीक कण एकाच वेळी तयार होतात. जिभेला ते कण म्हणून कळतच नाहीत. जाणवतो तो फक्त मऊपणा. मलईदार फज आणि रवाळ फज यांतला फरक सामानात नसतो. मध्ये तासभर हात आवरला की नाही, यात असतो.

हा तासभराचा थांबा रमजानच्या वेळापत्रकात अगदी चपखल बसतो. असरच्या नमाजनंतर तयारी करायची, मगरिबच्या अजानपूर्वी भांडं गॅसवरून उतरवायचं, इफ्तार आणि मगरिब होईपर्यंत त्याला हातही लावायचा नाही, आणि इशाच्या आधी घोटून थापायचं. तरावीहहून परत येईपर्यंत वडी धरलेली असते.

सामान असं घ्यावं. साखर दोन कप, म्हणजे 400 ग्रॅम. गोड नसलेली कोको पावडर अर्धा कपाला थोडी कमी, साधारण 40 ग्रॅम. सायीसकटचं दूध एक कप. लोणी 40 ग्रॅम. मीठ नसलेलं असेल तर पाकात चिमूटभर मीठ घालावं. एक चहाचा चमचा मध किंवा लिक्विड ग्लुकोज, ज्याने साखर लवकर कण धरत नाही. काही जण त्याऐवजी पाकात लिंबू पिळतात, तसं इथे करू नये, दूध फाटेल. एक चमचा व्हॅनिला. आणि 100 ग्रॅम अक्रोड.

अक्रोडाचं काम आधी उरकावं. देशातला बहुतेक अक्रोड काश्मीरचा. हाताने फुटणारा, पातळ कवचाचा कागझी अक्रोड मिळाला तर उत्तम. सोललेले घेतले असतील तर आधी वास घ्यावा. जुन्या अक्रोडाला खवट तेलाचा वास येतो आणि असा एक मूठभर अक्रोड सगळं फज वाया घालवतो. रोजा असताना चाखता येत नाही, पण नाक पुरेसं आहे. जाड तव्यावर मंद आचेवर सहा-सात मिनिटं भाजून पूर्ण गार करावेत आणि हातानेच वालाच्या दाण्याएवढे तुकडे करावेत. सुरीने कापले की चुरा पडतो. अक्रोडाची किंचित कडवट चव साखरेला आवर घालते. बदाम, पिस्ते किंवा वेंगुर्ल्याकडचे काजू घातले तरी चालतात, तेही भाजूनच. खारीक आणि मनुका मात्र शीरखुर्म्यातच राहू द्याव्यात. त्यांच्यातली ओल वडीला चिकट करते.

अजानला तासभर असताना तीन लिटरच्या, जाड बुडाच्या पातेल्यात साखर, कोको आणि मीठ कोरडंच एकत्र करावं, म्हणजे कोकोच्या गुठळ्या राहत नाहीत. दूध आणि मध घालून मध्यम आचेवर ढवळत राहावं. पातेलं मोठं हवंच, कारण हे मिश्रण दुधासारखंच वर येतं. साखर पूर्ण विरघळून उकळी फुटली की चमचा बाहेर काढावा. दोन मिनिटं झाकण ठेवावं. वाफेने कडेला चिकटलेले साखरेचे कण धुऊन खाली येतात. हे कण राहिले तर पुढे सगळा पाक तेच बिघडवतात. मग झाकण काढून, आच थोडी कमी करून, न ढवळता उकळू द्यावं. पंधरा ते वीस मिनिटं लागतात.

थर्मामीटर असेल तर 114 अंशांवर गॅस बंद करावा. मात्र गावाची उंची लक्षात घ्यावी. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, तिथे पाणीच 98 अंशांच्या सुमारास उकळतं. म्हणून पाकही दोन अंश आधी, 112 ला उतरवावा. मुंबईत किंवा रत्नागिरीत ही सूट नाही. थर्मामीटर नसेल तर वाटीभर थंड पाणी जवळ ठेवून थेंबाची गोळी पाहावी. पावसाळ्यात एक अंश जास्त घ्यावा, कारण साखर हवेतली ओल शोषते. 2014 ते 2016 या काळात रमजान जून-जुलैत आला होता. चांद्र वर्षामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, तेव्हा ओल्या हवेतली ईद पुढेही येणारच आहे.

गॅस बंद केला की लोणी आणि व्हॅनिला वरून सोडायचं आणि ढवळायचं नाही. सगळ्यांत अवघड पायरी हीच. लोणी वितळून पृष्ठभागावर पसरताना दिसतं, चमचा समोरच असतो, आणि एकदाच फिरवावा असं वाटतं. तो फिरवायचा नाही. पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात, जिथे धक्का लागणार नाही तिथे ठेवायचं आणि दस्तरखानकडे वळायचं.

रोजा ठेवून स्वयंपाक करणाऱ्या बाईला चवीचा प्रश्न रोजचाच असतो. कोकणातले मुस्लिम बहुतांशी शाफई आणि राज्यात इतरत्र बहुतांशी हनफी. दोन्ही पंथांत गरज नसताना चव घेणं मकरूह मानलं आहे, आणि खरीच गरज असेल तर जिभेच्या टोकावर घेऊन थुंकून टाकल्यास, घशाखाली काही न गेल्यास, रोजा मोडत नाही. फजमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही. त्याची कसोटी चवीवर ठरत नाही. उकळीचे बुडबुडे आधी मोठे आणि फसफसते असतात, मग बारीक आणि दाट होतात. आवाज जड होतो. थेंबाची गोळी बोटांना सांगते. ज्या बायका तीस दिवस न चाखता मीठ बरोबर घालतात, त्यांना डोळ्याने, कानाने आणि बोटांनी रांधणं शिकवावं लागत नाही.

इफ्तार आणि मगरिब उरकून, साधारण सव्वा तासाने, पातेल्याच्या बुडाला हात लावून पाहावा. तो कोमट लागला, चटका बसला नाही, की घोटायला घ्यावं. लाकडी चमच्याने, एका दिशेने, न थांबता. मिश्रण सुरुवातीला आरशासारखं चकाकतं आणि मधासारखं ओढतं. सात-आठ मिनिटांनी रंग किंचित फिका होतो, चमचा जड होतो. मग एका क्षणी चकाकी जाते. तोच इशारा. लगेच अक्रोड घालून दोन हात फिरवावेत आणि लोणी लावलेल्या, बटर पेपर घातलेल्या, सहा इंची चौकोनी ट्रेमध्ये ओतावं. इथे आता उलट, उशीर चालत नाही. अर्धं मिनिट रेंगाळलं तर फज पातेल्यातच बसतं.

हे घोटणं दंडाचं काम आहे. दिवसभर रोजा, असरपासून इफ्तारीची तयारी, भजी तळणं, फळं कापणं, आणि सगळे खजूर हातात घेऊन अजानची वाट पाहत बसलेले असतानाही जी शेवटचा घाणा काढत असते, तिच्याच हाती पुन्हा हा चमचा द्यायचा का, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत, असं हजरत आयेशा (र.) यांनी सांगितल्याची हदीस मशिदीत दर रमजानला कुणी ना कुणी ऐकवतोच. ती अमलात आणायला फजच्या पातेल्यापेक्षा सोपी जागा सापडणार नाही. दहा मिनिटांचं काम आहे. मुलाने पाच मिनिटं घोटावं, बापाने पाच. सब्र फक्त बायकांनीच करायचा, असं कुठे लिहिलेलं नाही.

एवढं करूनही फज कधी कधी बिघडतं. रवाळ झालं किंवा घोटता घोटता दगड झालं, तर ते टाकू नये. पाऊण कप पाणी घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवावं, पुन्हा तेवढ्याच अंशांपर्यंत न्यावं आणि पुन्हा तसंच थांबावं. मेवा आधीच घातला असेल तर विरघळल्यावर गाळून घ्यावा. उलट, वडी धरलीच नाही, चिकट राहिली, तर पाक कमी उकळला होता. त्यावरही हाच उपाय. फार थोड्या मिठाया इतक्या क्षमाशील असतात. रमजानात तौबेचा दरवाजा उघडा असतो म्हणतात; फजचाही असतो.

नोकरी करणाऱ्या, लोकलमध्येच खजुराने रोजा सोडणाऱ्या बाईला एवढा वेळ कुठून मिळणार? तिच्यासाठी झटपट वाट आहे. 400 ग्रॅम डार्क चॉकलेट, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा आणि 50 ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवायचं, मेवा मिसळायचा, ट्रेमध्ये थापून गार करायचं. यात पाक नाही, कण नाहीत, त्यामुळे बिघडण्याची भीतीही नाही. ही वडी जास्त चिवट आणि जड लागते, जिभेवर तशी विरघळत नाही. पण ती घरचीच आहे, आणि तिच्यात काय आहे हे घराला माहीत आहे.

काय आहे हे माहीत असणं, ही या पानाच्या वाचकांसाठी लहान गोष्ट नाही. वेलस्ली कॉलेजच्या कृतीत मार्शमेलो असे, आणि आजही अनेक परदेशी कृतींत ते असतं. मार्शमेलोत सहसा जिलेटिन असतं, आणि ते बहुधा डुकराच्या किंवा गाईगुरांच्या कातडी-हाडांपासून बनतं. काही भेटीच्या चॉकलेटांत दारूचं सारण असतं. म्हणून डब्यावरचा मजकूर वाचावा. चकचकीत वेष्टनातल्या पुष्कळ चॉकलेटांत कोकोच्या लोण्याऐवजी स्वस्त वनस्पती तेल असतं, हेही तिथेच बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडतं.

पण प्रश्न तिथे संपत नाही. सूरह अल-बकराच्या 168 व्या आयतीत खाण्याबद्दल 'हलाल' बरोबर 'तय्यब' हा शब्दही येतो. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगलं, मनाला स्वच्छ वाटणारं. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथल्या मळ्यांवरची वाईटातली वाईट बालमजुरी बंद करण्याचं वचन मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी 2001 साली दिलं होतं. शिकागो विद्यापीठाशी संलग्न नॉर्क या संस्थेच्या 2020 सालच्या अहवालात या दोन देशांत कोकोच्या कामावर असलेल्या मुलांचा अंदाज 15 लाखांच्या वर होता. या मुलांतही रोजा ठेवणारी असतील. आयव्हरी कोस्टमध्ये मुस्लिमांची वस्ती मोठी आहे. 2024 साली पीक बुडालं आणि कोकोचा भाव टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती चॉकलेट महागल्याची. ज्यांच्या हातांनी शेंगा फोडल्या त्यांची झाली नाही.

घरगुती फजने ही व्यवस्था बदलणार नाही, हे उघड आहे. पण जो कोको स्वतः विकत घेतो, तो तो कुठून आला हे विचारू शकतो. केरळात, आंध्रात नारळ-पोफळीच्या सावलीत कोको पिकतो आणि काही उत्पादक बागेचा प्रदेश पुडीवर छापतात. ज्या महिन्यात भूक कशी असते हे पोटाने कळतं, त्या महिन्यात निदान एवढा प्रश्न दुकानदाराला विचारायला हरकत नाही.

ट्रेमधली वडी सहरीच्या वेळी कापावी, तोवर ती नीट बसलेली असते. सहा इंचांच्या ट्रेचे आठ बाय आठ असे 64 तुकडे होतात. 400 ग्रॅम साखर त्यांत विभागली की एका तुकड्यात सहा ग्रॅमच्या थोडी वर साखर येते, म्हणजे साधारण चहाचा दीड चमचा. मोठ्या चौकोनाने घरातल्या मधुमेही माणसाची अडचण होते. लहान तुकड्याने त्याला नाही म्हणायलाही सोपं आणि अर्धा मोडून घ्यायलाही. घट्ट झाकणाच्या डब्यात फज दहा-बारा दिवस चांगलं राहतं. फ्रीजमध्ये ठेवू नये, बाहेर काढल्यावर त्याला घाम फुटतो.

ईदच्या दिवशी इमारतीत शीरखुर्म्याची वाटणी होते. काही घरांत तो आवडीने, पुन्हा मागून खाल्ला जातो. काही घरांत डबा हसून घेतला जातो आणि त्याचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. नाराज होण्यासारखं त्यात काही नाही, पण दोन्ही बाजूंना एक अवघडलेपण राहतं. फजची पुडी हे अवघडलेपण थोडं हलकं करते. त्यात अंडं नाही, जिलेटिन नाही. पुडीवर छोटी चिठ्ठी चिकटवावी: साखर, दूध, लोणी, कोको, मध, व्हॅनिला, अक्रोड. ती सफाई देण्यासाठी नव्हे. शेजारच्या आजींना उपास-तापास सांभाळता यावा, कुणाला अक्रोड सोसत नसेल तर आधीच कळावं, खाणाऱ्याने निश्चिंतपणे खावं, एवढ्यासाठी. कुणाला काय चालतं आणि काय नाही याची विचारपूस करणं ही शेजारधर्माची पहिली पायरी असते.

डबा मात्र स्टीलचाच द्यावा. प्लॅस्टिकचा डबा लोक ठेवून देतात किंवा फेकतात. स्टीलचा परत करावा लागतो, आणि आपल्याकडे कुणी डबा रिकामा परत करत नाही.